सायखेड्याचा पाळणा

आमच्या संग्रहालयात ‘जुनं’ हा शब्द उच्चारायला बंदी होती. एखादा पाहुणा कौतुकानं म्हणाला, “केवढी जुनी वस्तू आहे हो,” की संग्रहालय चालवणारे काका चष्म्यावरून त्याच्याकडे बघायचे आणि विचारायचे, “म्हाताऱ्या माणसाला तोंडावर म्हातारा म्हणता का तुम्ही?” पाहुणा बिचारा ओशाळून पुढच्या कपाटाकडे सरकायचा. तिथं काय म्हणायचं ते त्याला सुचायचं नाही, मग काकाच त्याच्यामागे जाऊन त्या कपाटाची सगळी हकिगत त्याला ऐकवायचे. तो पाहुणा अर्थातच परत कधी फिरकायचा नाही, आणि नाशिककरांना कशाची म्हणून आवड नाही, अशी तक्रार काका वर्षभर करायचे.

काकांना जाऊन आता वर्ष होत आलं. संग्रहालय त्याच्याही आधी गेलं. पंचवटीत भाजी घ्यायला गेले की माझे पाय अजून त्या गल्लीकडे वळतात, आणि मग मला स्वतःचाच राग येतो.

संग्रहालय म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. भाजीबाजारामागे एका संस्थेची प्राथमिक शाळा बंद पडली होती, तिचे दोन वर्ग आणि व्हरांडा. त्यात ओझरकडची विहिरीचं पाणी ओढायची चामड्याची मोट, टांग्याचे कंदील, तांबट आळीत घडवलेले हंडे, एका न्हाव्याची पेटी, चांदवडच्या एका अडत्याचा कांदे तोलायचा भलामोठा काटा, असा सगळा पसारा. जे घरात ठेवायला जागा नाही आणि टाकवतही नाही, ते आमच्याकडे यायचं. काका एकदा एका तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वंशावळीच्या वह्या मागायला गेले होते. गुरुजी शांतपणे म्हणाले, “काका, ह्या अजून चालू आहेत. बंद पडल्या की कळवतो.” काका हात हलवत परत आले, पण उत्तर त्यांना इतकं आवडलं की येईल त्याला ते सांगत सुटले.

मी तिथं गेले ती समाजसेवेची ओढ वगैरे होती म्हणून नव्हे. मुलगा नोकरीला बंगळुरूला गेला, नवरा रविवारभर टीव्हीपुढे पाय पसरून पडायचा, आणि सासूबाई मला दिवसभर कामं सुचवायच्या. घराबाहेर पडायला काहीतरी सभ्य निमित्त हवं होतं. ‘स्वयंसेवक हवेत’ असा कागद शाळेच्या फाटकाला चिकटवलेला दिसला आणि मी आत गेले. काकांनी मला नाव, गाव, शिक्षण काही विचारलं नाही. कडुनिंबाच्या पाल्याची टोपली पुढ्यात सरकवली आणि म्हणाले, “ताई, पानं वाळवून लुगड्यांच्या घड्यांत घालायची. डांबरगोळ्यांचा वास लागतो कापडाला.” मी बसले ती बसलेच, किती वर्षं गेली ते कळलंही नाही.

काका आयुष्यभर एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमला होते. निवृत्त होऊन जमाना झाला तरी शिफ्ट काही त्यांच्या अंगातून उतरली नव्हती. रविवारी आम्हा स्वयंसेवकांच्या दोन शिफ्टा लागायच्या, आणि रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही हा नियम. रिलीव्हर आला की त्याच्यासमोर उभं राहून मोठ्यानं चार्ज द्यायचा: पहिली खोली ठीक, मोटेला बुरशी नाही, दुसऱ्या खोलीत खिडकीपाशी मुंग्या, पाहुणे दोन, त्यातला एक बाकावर झोपलाय. पहिल्यांदा मला हसू आवरेना. काका हसले नाहीत. “ताई, तिकडं एकानं सांगितलं नाही तर दुसऱ्याचा हात भाजतो,” एवढंच म्हणाले. इथं कोणाचा हात भाजणार होता, हंड्यानं? पण पुढं पुढं मीसुद्धा घरातून निघताना सासूबाईंना चार्ज द्यायला लागले, आणि त्यांनी माझ्या नवऱ्याकडे काळजीनं पाहायला सुरुवात केली.

या नियमाची दुसरी बाजू मला त्यांच्या मुलीकडून कळली. वैशाली त्यांची एकुलती एक. लग्न होऊन इंदिरानगरला राहायची, शनिवारी बापासाठी डबा घेऊन यायची आणि आम्हा सगळ्यांना पुरेल एवढ्या पोळ्या आणायची. एकदा कपाटं पुसता पुसता सहज बोलावं तशी ती म्हणाली की आई गेली तेव्हा बाबा ड्युटीवर होते. दवाखान्यातून निरोप गेला होता. रिलीव्हरला यायला उशीर झाला, बाबा त्याची वाट बघत पॅनेलसमोर उभे राहिले. पोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं. वैशाली तेव्हा कॉलेजात होती, आईजवळ एकटीच होती. “राग नाही हो काकू,” ती म्हणाली, “बाबा तसेच आहेत. कोणाला काही कबूल केलं की मग समोर कोण आहे ते त्यांना दिसतच नाही.” मी काकांकडे पाहिलं. ते व्हरांड्यात एका शाळेच्या पोरांना घोड्याची नाल दाखवत होते. मला त्या क्षणी ते आवडले नाहीत, हे खरं सांगते.

पण न आवडून करणार काय? माणूस जीव लावायचा. महिन्यातून एकदा व्हरांड्यात म्हाताऱ्यांचा कट्टा भरायचा. प्रत्येकानं एक आठवण सांगायची आणि बाकीच्यांनी मधे बोलायचं नाही, असं ठरलेलं. सगळे मधेच बोलायचे. काका कोपऱ्यात उभे राहून शिट्टी फुंकायचे, तीही वीज केंद्रातलीच. दिवाळीआधी लाकडी सामानाला जवसाचं तेल चोळायचा कार्यक्रम असायचा. त्याला भिशीतल्या बायका, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, कोणीकोणी यायचे, आणि तेलकट हातांनी फरसाण खाऊन जायचे.

एकदा आमच्याकडून मोठी फजिती झाली. नव्या पाट्या छापून आणल्या, त्यात चांदवडच्या त्या अडत्याच्या नावामागे ‘कै.’ लागलं. दाता म्हणजे गेलेलाच असणार, असं छापणाऱ्यानं गृहीत धरलं होतं. नेमके तेच आजोबा पुढच्या रविवारी सुना-नातवंडांना घेऊन आपला काटा दाखवायला हजर. पाटी वाचली आणि म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. पुन्हा खर्च नको.” काका इतके शरमले की त्यांनी त्याच दिवशी सगळ्या पाट्यांवरचे ‘कै.’ स्वतः ब्लेडनं खरवडून काढले, खरोखर गेलेल्यांचेसुद्धा. त्यानंतर आमच्याकडे सगळे दाते जिवंत होते.

वस्तू घ्यायची त्यांची रीत ठरलेली होती. दात्याला व्हरांड्यात बसवायचं, दोन वेळा चहा पाजायचा, आणि वस्तू कोणी केली, कोणी वापरली, कोणाच्या लग्नात आली, कोणाच्या भांडणात आपटली, ते सगळं काढून घ्यायचं. काकांपुढं माणूस बोलता व्हायचा. नवऱ्याशी वर्षानुवर्षं न बोललेल्या बायका काकांशी पाटा-वरवंट्याबद्दल तासभर बोलायच्या. शेवटी काका विचारायचे, “उद्या आम्ही बंद पडलो, तर ही कोणाकडे पोचवायची?” दाता सांगायचा, आणि काका वस्तूवर हात ठेवून म्हणायचे, “पोचेल.” कागद नाही, सही नाही. शब्द दिला की झालं.

सायखेड्याचा पाळणा आला तेव्हा मी तिथं होते. पिकअपमधून एक साठीच्या बाई आणि त्यांचा थोरला मुलगा उतरले. मुलानं पाळणा उतरवून व्हरांड्यात आणला. सागाचा, लाखेच्या लाल-हिरव्या पट्ट्यांचा, वर लाकडी पोपट टांगलेले. अशी वस्तू म्हटल्यावर एरवी आमच्याकडे आनंदीआनंद झाला असता. पण त्या मावशी पायरीपाशीच थांबल्या. तोंडाला पदर लावलेला. मुलगा काकांना बाजूला घेऊन हळूच म्हणाला, धाकट्या भावाचं पोरगं गेलं, वर्षाचंही नव्हतं, याच पाळण्यात तापानं गेलं. महिनाही झाला नव्हता त्या गोष्टीला.

काकांनी त्या दिवशी चहा सांगितला नाही. काही विचारलं नाही. विचारणं बरंही दिसलं नसतं. फक्त नेहमीच्या सवयीनं, परत कोणाकडे पोचवायचा, एवढं त्यांच्या तोंडून निघून गेलं. त्याबरोबर मावशी पहिल्यांदा बोलल्या. “परत नको. घरात बघवत नाय, जाळवत नाय, गंगेत सोडवत नाय. हितं ऱ्हाऊ द्या. माझ्या डोळ्याम्होरं पुन्हा आणू नका त्याला.”

काकांनी पाळण्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “नाही आणणार.”

त्या पाळण्याला त्यांनी साधी पाटी लावली: पाळणा, सायखेडा. बाकी एक अक्षर नाही. पोरं येता-जाता धक्का देतील म्हणून दोन्ही बाजू सुतळीनं बांधून टाकल्या. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण आत घडी करून एक गोधडी मीच नेऊन ठेवली. त्या मावशी परत कधी आल्या नाहीत, आणि काकांनी सायखेड्याचं नाव काढलं नाही.

मग पुष्कळ वर्षांनी संस्थेला जागा हवी झाली. त्यांचंही काही चुकलं असं म्हणवत नाही. जागा त्यांची होती, इतकी वर्षं त्यांनी फुकट वापरू दिली होती. रीतसर कार्यक्रम झाला, काकांना शाल आणि नारळ मिळाला, भाषणं झाली, टाळ्या वाजल्या, आणि दोन खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. काकांनी दुसऱ्या जागेसाठी कुठं कुठं खेटे घातले ते विचारू नका. सगळ्यांनी चहा दिला. जागा कोणी दिली नाही.

तेव्हा काका म्हणाले, आता पोचवायला सुरुवात करू.

टेम्पोत त्यांच्याबरोबर बसून मी घरोघर फिरले, त्याची आठवण नको वाटते. ज्यांनी डोळ्यांत पाणी आणून वस्तू दिल्या होत्या, त्यातले बरेच आता नव्हते. मुलं फ्लॅटमध्ये राहायला गेलेली. दार उघडायची, काकांच्या हातातला हंडा बघायची आणि चेहरा पडायचा. एका सूनबाईनं फार अदबीनं आम्हाला बाल्कनीत नेऊन दाखवलं की वॉशिंग मशीन ठेवल्यावर उभं राहायलाही जागा उरत नाही. काका प्रत्येक ठिकाणी एकच सांगायचे, तुमच्या वडलांना शब्द दिला होता. लोक शब्दाला मान द्यायचे आणि वस्तू जिन्याखाली ठेवायला सांगायचे. टांग्याचा एक कंदील तर आम्हाला चारच दिवसांत भंगारवाल्याच्या हातगाडीवर दिसला. मोट ज्यांची होती त्यांनी मात्र हौसेनं घेतली. त्यांच्या मुलानं शेतात हॉटेल काढलं होतं, तिथं प्रवेशद्वारावर त्यांनी ती उलटी टांगली आणि आत दिवा सोडला. काकांनी खालून वाकून तिच्या आत बघितलं. गाडीत बसल्यावर म्हणाले, “ताई, मोटेत कधी उजेड नव्हता हो.”

एकेक करत सगळं पोचलं. पाळणा राहिला. सगळ्यांना परत आणून देईन असा शब्द होता, आणि त्या मावशींना परत आणणार नाही असा. आम्ही एका कॉलेजला विचारलं. त्यांना दात्याचं संमतिपत्र हवं होतं. म्हणजे सायखेड्याला जाऊन त्याच विषयाची सही मागायची. काकांनी नकारार्थी मान हलवली. मी माझ्या घरी विषय काढून पाहिला. सासूबाईंनी नुसतं देवघराकडे बघितलं, मी विषय मिटवला. बाकी कोणी तर ऐकूनच घेत नव्हतं. शेवटी काकांनी पाळणा जेलरोडच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरी नेला आणि पुढच्या खोलीत ठेवला, कारण मागच्या खोलीत तो मावला नसता.

आणि नेमके तेव्हाच वैशालीला दिवस राहिले.

लग्नाला बारा वर्षं झाली होती. डॉक्टर झाले, उपास झाले, लोकांचे प्रश्न झाले, आणि सगळ्यांनी आशा सोडल्यावर ही बातमी आली. काका त्याच दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या घरी आले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं अशी वैशालीची फार इच्छा. आई नव्हती तर नव्हती, जळगावची मावशी येऊन राहणार होती. काकांनी घराला रंग काढायचं ठरवलं. सातव्या महिन्यात ती खोली बघायला म्हणून आली, तेव्हा तिला घेऊन मीच गेले होते.

दार उघडलं आणि समोर पाळणा. वैशालीला वाटलं, बाबांनी तिच्यासाठी आणलाय. ती इतकी हसली. मग सुतळी दिसली, गोधडी दिसली, आणि तिनं ओळखला.

“बाबा, हा इथं का?”

काकांनी सांगितलं. कॉलेज, संमतिपत्र, मावशींना दिलेला शब्द, सगळं सरळ सांगितलं, चार्ज द्यावा तसं. वैशाली ऐकत उभी होती, एक हात पोटावर. ती शिकलेली मुलगी होती, शाळेत विज्ञान शिकवायची. म्हणाली, “मला कळतंय सगळं. पण मी याच्यासमोर नाही निजू शकणार. कुठंही हलवा, बाबा. मग मी येते.”

काका म्हणाले, “हलवतो. जागा बघतो. तोवर चादरीनं झाकून ठेवतो, दिसणार नाही तुला.”

“झाकून काय होतं?” ती म्हणाली, आणि चप्पल घालायला लागली.

काकांनी टाळाटाळ केली असं मी म्हणणार नाही. सोसायटीच्या गच्चीवर विचारलं, पार्किंगमध्ये विचारलं. एका मित्राच्या गोडाउनपर्यंत जाऊन आले, पण तिथं उंदीर होते म्हणून परत आले. मी चिडले. म्हटलं, काका, उंदीर तर उंदीर, ठेवा तिथं आणि लेकीला घरी आणा. ते म्हणाले, कुरतडलेला पाळणा हा पण शब्द मोडल्यासारखाच. शेवटी एकलहऱ्याच्या वसाहतीत एका जुन्या सोबत्यानं आपलं रिकामं क्वार्टर देऊ केलं. टेम्पो ठरला. पण टेम्पो यायच्या आधीच वैशालीला एका सकाळी सासरी दुखायला लागलं, आणि दवाखान्यात नेईपर्यंत बाळ गेलं होतं.

डॉक्टरांनी कारण सांगितलं. त्यांचं कारण खरंच असणार. पाळणा हा शब्द कोणी उच्चारला नाही, ना जावयांनी, ना सासूनं. काका दवाखान्यात खाटेजवळ उभे होते, मी दारापाशी. वैशालीनं डोळे उघडले, त्यांच्याकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाली, “तुमचा शब्द राहिला ना, बाबा. झालं तर.”

त्यानंतर शनिवारचा डबा बंद झाला. फोन असायचा, तोही कामापुरता. पाळणाही मग कुठं हलला नाही. टेम्पोवाल्याला काकांनी नको म्हणून कळवलं. मी कारण विचारलं नाही. पुढच्या खोलीत तो होता तसाच राहिला, चादरीखाली, आणि काका त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसून असायचे. दाढी वाढलेली, टीव्ही बंद. मी रविवारी पोळीभाजी नेऊन द्यायची. ते मला बसा म्हणायचे आणि पुढं काही बोलायचे नाहीत. ज्या माणसापुढं भिंतीही बोलल्या असत्या, तो गप्प झाला होता. मला तिथं बसवायचं नाही आणि उठवायचंही नाही.

अशाच एका रविवारी सकाळी दारात त्या सायखेड्याच्या मावशी उभ्या राहिल्या. मी ओळखलं नाही. काकांनी ओळखलं. ज्याला इतके दिवस खुर्चीतून नीट उठता येत नव्हतं तो माणूस ताडकन उठला आणि पाळण्यापुढे हात पसरून उभा राहिला, त्यांच्या नजरेस पडू नये म्हणून.

मावशी आता पार वाकल्या होत्या. थोरला मुलगा मागं होता. शाळेपाशी जाऊन आलो, तिथं भाजीवाल्यानं पत्ता दिला, असं त्यानं सांगितलं. मावशी आत येऊन भिंतीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, “पाळणा हाय ना तुमच्याकडं? का दिला कोणाला?”

काका म्हणाले, “आहे. पण मावशी, तुम्ही म्हणाला होतात, डोळ्यांसमोर नको.”

“म्हनले असंल. तव्हा डोकं ठिकाणावर व्हतं का माझं?” त्या म्हणाल्या. “नात आलीय बाळंतपणाला. ती रोज म्हनती, आजी, आपला पाळणा कुठंय. म्हनलं, चला, घिऊन येऊ.”

काकांचे हात खाली आले. मावशी सरकत सरकत पुढं आल्या, चादर ओढली, आणि लाकडी पोपटांवरून एकेक करत हात फिरवला. त्या रडतील असं मला वाटलं. त्या रडल्या नाहीत. कौतुकानं म्हणाल्या, “लय नीट ठिवला हो. माझी पाच पोरं यात वाढली. मंग नातवंडं. चुलत घरातले बी मागून न्यायचे, म्हनायचे, तुमचा पाळणा गुणाचा हाय. एक गेलं त्यात. ते तापानं गेलं, पाळण्यानं थोडंच?”

“पाच?” काकांनी विचारलं.

मावशींनी बोटांवर नावं मोजली. मग नातवंडांची. मग चुलत घरातली. काकांनी मला चहा टाकायला सांगितलं, आणि मी आतून ऐकत राहिले. ते विचारत होते, पाळणा कोणी घडवला, पोपट कोणी बसवले, पहिलं कोण निजलं त्यात. सगळं विचारलं त्यांनी, जे इतक्या वर्षांपूर्वी व्हरांड्यात विचारायचं राहिलं होतं. मावशी रंगून सांगत होत्या. चहा दोनदा झाला. माझ्या हातात कप होते आणि मला त्या भल्या बाईचा विनाकारण संताप येत होता, काकांचा येत होता, सगळ्यांचाच येत होता. इंदिरानगर तिथून किती लांब आहे? सायखेडा तरी किती लांब? एक माणूस उठून एकदा जाऊन आला असता तर?

उठता उठता मावशींनी भिंतीवरच्या वैशालीच्या फोटोकडे बोट केलं आणि लेकीला किती लेकरं, असं विचारलं. काका म्हणाले, नाही. “व्हतील,” त्या म्हणाल्या आणि काकांच्या हाताला हात लावून निघाल्या. मुलानं आणि काकांनी मिळून पाळणा जिन्यावरून उतरवला. काका मला हात लावू देईनात. पिकअप वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत ते फाटकात उभे होते.

वर आले ते थेट फोनपाशी गेले. त्यांना ऐकू कमी यायचं म्हणून ते नेहमी स्पीकर लावूनच बोलायचे. वैशालीनं फोन उचलला.

“वैशू, तो पाळणा गेला,” काका म्हणाले. जिन्यानं त्यांना धाप लागली होती, तरी ते भराभर बोलत होते. “ज्यांचा होता त्याच घेऊन गेल्या. अगं, त्यात पाच मुलं वाढली होती त्यांची. नातवंडं वेगळी. लोक मागून न्यायचे गं, इतका गुणाचा पाळणा होता. आपल्याला माहीतच नव्हतं. मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं बघ.”

पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मग वैशाली म्हणाली, “बाबा, हे मला आता कशाला सांगताय?”

तिचा आवाज जराही चढला नव्हता. चढला असता तर काकांना निदान काहीतरी उत्तर देता आलं असतं.